तांब्याचं जुनं नाणं घासलेलं आहे का, हे कसं ओळखावं

"चकाकतंय ना? मग घासलेलंच." म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुनं नाणं हातात घेतलं की शेजारचा कुणीतरी हमखास हे सांगतो. हा सल्ला विसरा. काही वर्षांपूर्वी घासलेलं नाणं आज अजिबात चकाकत नाही, आणि क्वचित एखादं न वापरलेलं नाणं मूळच्या तांबूस चकाकीसकट मिळतं. शिवाय गोव्यात घरोघरी देवघरातली नाणी समई-निरांजनाबरोबर चिंच, सोलं किंवा राख लावून लख्ख केली जातात. त्यात कुणाची लबाडी नसते, पण संग्राहकाच्या लेखी ते नाणं घासलेलंच, म्हणून कमी भावाचं.

१. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एकाच बाजूने येणारा उजेड हवा. ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही.

२. आधी झीज बघा, मग रंग. समजा, पोर्तुगालच्या लुईस राजाच्या १८८१ च्या पाव टांगावर (गोव्यातलं पोर्तुगीजकालीन तांब्याचं नाणं) राजाच्या केसांच्या बटा सपाट झाल्यात, म्हणजे नाणं भरपूर फिरलंय. फिरलेलं तांबं तपकिरी होतं, पुढे काळपट. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तर लवकरच. इतकं झिजलेलं नाणं कडेपासून कडेपर्यंत गुलाबी-नारिंगी असेल, तर त्याला आंबट लागलंय. इथेच थांबा, पुढच्या पायऱ्यांची गरज नाही. झीज नसेल तर नाणं उजेडात हळूहळू तिरकं करा. टांकसाळीची मूळ चकाकी असेल तर उजेडाचा पट्टा नाण्यावर गोल फिरतो. आंबटाने उघडं पडलेलं तांबं नुसतं गुलाबी दिसतं, त्यावर पट्टा फिरत नाही.

३. आता रेघा. मला सगळ्यात उशिरा जमलेली पायरी हीच, आणि बहुतेक जण हिच्यावर एक ओळ लिहून पुढे जातात: "बारीक ओरखडे दिसले की घासलेलं." चूक. तांब्यावर तीन प्रकारच्या रेघा असतात आणि त्यांतली एकच घासण्याची.

वापरातल्या रेघा कशाही पडतात: एक खोल, एक उथळ, एक आडवी, एक तिरपी. त्या सोडून द्या. खरा घोळ होतो तो ठशावरच्या, म्हणजे नाणं पाडायच्या साच्यावरच्या, रेघांमुळे. टांकसाळीत ठसा घासून साफ केला की त्यावर पडलेल्या रेघा नाण्यावर उठावाने उमटतात. ठशात अक्षरं खोलगट असतात, त्यामुळे ही घासणी फक्त सपाटीला लागते. म्हणून नाण्यावर या रेघा अक्षराच्या पायथ्याशी येऊन थांबतात. अक्षरावर चढलेल्या दिसल्या तर त्या ठशाच्या नव्हेत.

फडक्याच्या रेघा खोदलेल्या असतात, एकाच दिशेने गटाने जातात आणि अक्षराच्या माथ्यावरूनही जातात. मात्र अक्षराला अगदी लागून फडकं पोचत नाही. तिथे एक बारीक, काळपट, बिनरेघांची किनार उरते. पाव टांगाच्या मागच्या बाजूच्या अक्षरांभोवती ही किनार शोधा. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर ही नाणी कलकत्त्याच्या टांकसाळीत यंत्रावर पाडली गेली. त्यांची सपाटी गुळगुळीत असल्याने किनार पटकन सापडते.

रेघ उठावाची की खोदलेली, हे नजरेला फसवतं. त्यावर माझा उपाय असा: उजेड डावीकडून येऊ द्या आणि आधी एखादं अक्षर बघा. त्याची डावी कड उजळ आणि उजवीकडे सावली दिसेल. मग रेघ बघा. तिचंही तसंच असेल तर ती उठावाची. उलट, डावी कड काळी आणि उजवी उजळ असेल, तर खोदलेली. नाणं उचलून पुन्हा ठेवलंत तर सुरुवात परत अक्षरापासूनच करा. नुसत्या रेघेकडे टक लावून बसलात तर क्षणात उठाव दिसेल, क्षणात खाच.

खोदलेल्या रेघेचा तळ गुलाबी असेल तर घासणं ताजं. तळही आसपासइतकाच तपकिरी झाला असेल तर जुनं. जुन्या, हलक्या घासणीचं नाणं मी योग्य भावात घेतो. ताज्याला हात लावत नाही.

शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याला, हे सगळं लावू नका. हाताने पाडलेलं नाणं, त्याची सपाटीच ओबडधोबड. तिथे "श्री राजा शिव" या अक्षरांमधल्या खाचा बघा. माती, किटण काहीच नाही आणि खाच तळापर्यंत गुलाबी, म्हणजे आंबटात बुडवलेलं.

४. घासून पुन्हा काळं केलेलं नाणं. खाचांत रंग पातळ आणि माथ्यावर दाट असेल तर संशय घ्या. जुन्या नाण्यावर बहुधा उलट असतं. कापसाच्या बोळ्यावर थोडं अॅसिटोन घेऊन नुसतं टेकवा, चोळू नका. बोळा काळा झाला तर वर पॉलिश किंवा तेल आहे. अक्षरांच्या कोपऱ्यांत पांढुरकी भुकटी अडकली असेल, तर ती भांडी घासायच्या पावडरीची.

५. घट्ट चिकटलेला हिरवा जंगाल घासल्याची खूण नाही, उलट दिलासाच. फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी मात्र क्षारांची. ते नाणं इतरांपासून वेगळं, कोरड्या डबीत ठेवा.

फोन करून विकणारे सरळ वरून काढलेला फोटो पाठवतात. त्यात रेघा लपतात. खिडकीशी नाणं तिरकं फिरवतानाचा व्हिडिओ मागा. द्यायला टाळाटाळ झाली, तर घासलेल्या नाण्याचाच भाव बोला.