साईटवरच्या बाईची तब्येत कशी विचारावी

मी गोव्यात आरोग्य केंद्राची नर्स. म्हापसा-पर्वरीकडे इमारती उठताहेत, तिथल्या मजुरांच्या खोपींतून माझी फेरी असते. बागलकोट, गदग, विजापूरकडची माणसं जास्त. ओडिशा-झारखंडचीही आता बरीच. महिला मंडळ किंवा एनएसएसची मुलं घेऊन तिथे जाणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा.

वेळ जपून निवडा. संध्याकाळी गेलात की आधी मुकादम पुढे येतो, मग नवरा. "सगळं बरं आहे, सिस्टर" म्हणून दोघं मोकळे. बाई मागे चुलीपाशी. रविवारी सकाळी बाया टाकीवर कपडे धूत असतात, तेव्हा जा. रजिस्टर पिशवीतच राहू दे. कन्नड येत नसलं तरी "ऊट आयता?" (जेवण झालं का?) एवढं म्हणा आणि दगडावर बसा.

"काय दुखतं?" विचाराल तर कंबर आणि डोकं, यापुढे गाडी जात नाही. त्यापेक्षा विचारा, दिवसभरात पाणी किती पिता? साईटवर संडास एकच, त्याला कडी नाही, बाहेर पुरुष उभे. म्हणून बाया अंधार पडायची वाट बघतात आणि तोवर पाणीच टाळतात. मे महिन्यात, भर उन्हात डोक्यावर घमेलं! मग लघवीला जळजळ, थंडी-ताप. औषध द्याच, पण आधी कडी बसवून घ्या. बायांसाठी वेगळा संडास, पन्नासपेक्षा जास्त बाया कामावर असतील तर पाळणाघर, हे १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यात लिहिलेलं होतं; नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली आहे. कायद्याचं नाव काढलं की कॉन्ट्रॅक्टर हसतो. हसू दे, सुताराला तिथेच हाक मारा.

तापाची बाई आली तर जास्त सांभाळा. गोव्यात बांधकामावरच्या मजुराला मलेरियाचं हेल्थ कार्ड लागतं, त्यामुळे रक्ततपासणीची सवय असते. पण व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया निघाला तर क्लोरोक्वीनबरोबर चौदा दिवस प्रायमाक्वीन देतात आणि ते गरोदर बाईला चालत नाही. म्हणून गोळ्या द्यायच्या आधी पाळी कधी आली ते विचारायचंच, आणि नवऱ्याला बाजूला पाठवून. त्याच्यासमोर नवी सून दिवस गेल्याचं बोलायची नाही. मूल नको असेल तर तेही याच वेळी कळतं. अठरा वर्षांवरच्या बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. कोणी मागितली तर ठामपणे नाही म्हणा.

आता कागद. कर्नाटकातलं थायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड, बहुतेक गावी पत्र्याच्या ट्रंकेत राहिलेलं असतं. घरी फोन लावून दोन्ही बाजूंचे फोटो मागवा. धनुर्वाताची सुई, रक्ताचं प्रमाण सगळं त्यात असतं, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. तपासणीची तारीख मात्र तिला तोंडी सांगा, आणि शेजारणीलाही. घरातला एकुलता मोबाईल नवऱ्याच्या खिशात असतो. मेसेज त्याला जातो आणि तिथेच राहतो. रेशन कार्डाचंही विचारा. गावचं कार्ड गोव्यातल्या दुकानात चालतं, तरी बाया तांदूळ विकतच घेताना दिसतात आणि शेवटी स्वतःच्या ताटात कमी वाढतात. लोहाच्या गोळ्या एकट्या किती पुरणार?

अंगावर वळ दिसले तर चारचौघांत विचारू नका. महिला हेल्पलाईनचा १८१ नंबर तिच्या मुलीकडून पाठ करून घ्या, कागदावर देऊ नका.

पुरुषांचं दुखणं वेगळ्या वाटेने जातं. दक्षिण गोव्यात कुटबणच्या मासेमारी जेटीवर २०२४ साली कॉलरा पसरला तो ट्रॉलरवरच्या खलाशांत. घरापासून लांब, बोटीवर दाटीवाटीत राहणारे हे गडी. खोकला दोन आठवडे झाला तरी "गुटख्याने होतो" म्हणतात, दिवसाची मजुरी बुडेल म्हणून थुंकी तपासायला येत नाहीत. टीबी निघालाच तर नि-क्षय आयडी (टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी नंबर) त्याच्या फोनच्या कव्हरमागे लिहून ठेवा. जून-जुलैत मासेमारी बंद झाली की तो गावी निघतो; तिकडच्या सरकारी दवाखान्यात तोच नंबर दाखवला की गोळ्या पुढे चालू राहतात.