जुना कॅम्पिंग ट्रेलर घेताय? आधी खाली वाका

जुन्या ऑफ-रोड ट्रेलरच्या गाद्या आणि ओटा नंतर बघा. आधी आरसी (ट्रेलरची नोंदणी गाडीपेक्षा वेगळी असते), मग टॉर्च घेऊन खाली शिरा. चासीचे वेल्डिंगचे जोड आणि पुढचा दांडा हातोडीने हलकेच ठोका. पापुद्रे पडले तर सौदा सोडा. वरवरचा गंज चालतो. तारेच्या ब्रशने घासा, रेड ऑक्साइड मारा, वर रंग.

टायरची नक्षी नवी दिसली तरी बाजूचा चार अंकी आकडा वाचा: २३१९ म्हणजे टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. चाकांची बेअरिंग काढून धुवा, ग्रीस भरा, ऑइल सील नवीच टाका. इथे चिकटपणा केला तर ताम्हिणी घाटात चाक जाम होऊन बसायचं! पुण्यात बेअरिंगसाठी नाना पेठ, वायर-एलईडीसाठी तपकीर गल्ली. भांडीकुंडी आणि हत्यारं रविवारी जुन्या बाजारात, अर्थात घासाघीस करूनच.

लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून १०० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) असली तरी हिशोब ५०चाच धरा. फ्यूज बॅटरीला लागूनच. जड सामान आसाच्या किंचित पुढे ठेवा, म्हणजे एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार हुकवर येतो. ओझं मागे गेलं की ट्रेलर महामार्गावर डुलायला लागतो.