त्रिभुवन विमानतळ: काठमांडूला निघण्याआधीची तयारी

काठमांडूची तिकिटं काढली की आपल्याकडे आधी बूट नाहीतर जाकीट घेतलं जातं. ते नंतर बघा. आधी कपाटातून ओळखपत्रं काढून टेबलावर मांडा. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही हे खरं, पण विमानाने जाताना सरसकट चालणारे कागद दोनच: मुदत न संपलेला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार चालत नाही. पुण्याहून दिल्लीला आधारवर गेलेला माणूस पुढेही तेच चालेल असं धरून चालतो आणि दिल्लीच्या काउंटरवर अडकतो. अपवाद आहेत, आणि आपल्या मोठ्या कुटुंबांना ते नेमके ठाऊक असलेले बरे. वय १५ पेक्षा कमी किंवा ६५ पेक्षा जास्त असेल तर वय आणि ओळख पटवणारं फोटोचं कार्ड पुरतं, त्यात आधारही आलं. म्हणजे आजी-आजोबांचं आधारवर निभावतं, ५८ वर्षांच्या काकांचं नाही. १५ ते १८ मधल्या मुलामुलींना पासपोर्ट नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखपत्र चालतं. मे महिन्यात शाळा बंद असते आणि सही करायला कोणी सापडत नाही, म्हणून ते काम मार्चमध्येच उरकून टाका.

मतदार कार्डावर जाणार असाल तर मूळ कार्ड हवं; फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स यांच्या भरवशावर राहू नका. जुन्या कार्डावरचा काळपट फोटो ओळखू येत नसेल तर नवं कार्ड मागवायला वेळ लागतो, त्यामुळे हे प्रवासाच्या दोन महिने आधी तपासायचं. नावाचा घोळ त्याहून जास्त होतो. आपल्याकडच्या कार्डावर नाव कधी आडनावाने सुरू होतं, कधी आडनावाने संपतं, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि लग्नाआधीचं कार्ड असेल तर आडनावच वेगळं. तिकीट काढताना ज्या कार्डावर जायचं ते समोर ठेवून त्यावरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर उतरवा. जाताना जो कागद दाखवला तोच येतानाही दाखवायचा, म्हणून एकाने पासपोर्ट आणि मतदार कार्ड आलटून पालटून काढू नये.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारी भावंडं सोबत येणार असतील आणि त्यांचा पासपोर्ट तिकडचा असेल, तर त्यांची तयारी वेगळी. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) भारतासाठी आहे, नेपाळमध्ये ते व्हिसाचं काम करत नाही. त्यांना उतरल्यावर व्हिसा मिळतो: १५ दिवसांचा ३० डॉलर, ३० दिवसांचा ५०, ९० दिवसांचा १२५. नेपाळला पोहोचण्याआधीच्या १५ दिवसांत अर्ज ऑनलाइन भरून बारकोडची प्रत छापून न्यावी, म्हणजे तिथल्या यंत्रापुढची रांग टळते. मग आधी पैसे भरण्याची खिडकी, नंतर इमिग्रेशन. थेट इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहिलं की अर्ध्या तासाने पावती आणायला परत पाठवतात. डॉलर रोख आणि न फाटलेले ठेवा. आणि ओसीआय कार्ड घरी विसरू नका, भारतात परत शिरताना ते लागणारच आहे.

आता वेळेचा हिशेब. त्यासाठी काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाची जागा कशी आहे ते थोडं समजून घ्यावं लागतं. पूर्वी इथे गाईगुरं चरायची, नावच गौचर होतं. १९४९ साली भारताचे राजदूत सरदार सुरजितसिंग मजिठिया आपलं छोटं विमान घेऊन इथे उतरले, ते काठमांडूत उतरलेलं पहिलं विमान. १९५५ मध्ये राजे महेंद्र यांनी वडिलांचं, त्रिभुवन यांचं, नाव विमानतळाला दिलं. उंची १,३३८ मीटर, म्हणजे महाबळेश्वराच्या थोडीशीच खाली, पण भोवती सगळीकडे डोंगर. कढईच्या तळाशी उतरावं तसं विमानाला दक्षिणेकडचे डोंगर ओलांडून झपकन खाली यावं लागतं. एरवी विमानं तीन अंशांच्या उताराने येतात, इथे तो पाच अंशांच्या वर जातो. खिडकीतून डोंगर जवळ दिसले, इंजिनाचा आवाज बदलला, तर घाबरायचं कारण नाही, इथे असंच उतरतात. धावपट्टी एकच आणि त्याच पट्टीवर आखाती देशांची मोठी विमानं आणि पोखऱ्याची छोटी पंख्यांची एटीआर विमानं दोन्ही उतरायची. ढग खाली आले की सगळी रांग आकाशात घिरट्या घालते. अर्धा-पाऊण तास घिरट्या ही नेहमीची गोष्ट. इंधन कमी झालं की विमान लखनौ, दिल्ली किंवा कोलकात्याला वळवतात, आणि प्रवासी तिथे विमानात बसून पाणी मागत राहतात.

म्हणून महिना बघून तयारी करावी. जून ते सप्टेंबर पावसाळा, तेव्हा वळवलेली विमानं जास्त. डिसेंबर-जानेवारीत दरीत सकाळी धुकं साठतं आणि सकाळी सातची देशांतर्गत विमानं दहा-अकराला निघतात; त्यात दिल्लीचं धुकं वेगळंच. मार्च-एप्रिलमध्ये आभाळ निरभ्र असायला हवं, पण जंगलातल्या वणव्यांचा धूर दरीत कोंडतो आणि दृश्यमानता पडते. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगला, फक्त दसैं आणि तिहार (त्यांचे दसरा-दिवाळी) यांच्या सुमारास परदेशात कामाला गेलेले हजारो नेपाळी घरी येतात, टीव्हीचे खोके आणि ब्लँकेटांच्या गाठोड्यांसकट, तेव्हा सामानाच्या पट्ट्यापाशी तासभर उभं राहायची मनाची तयारी ठेवा.

महाराष्ट्रातून बहुतेकांचा प्रवास दिल्लीमार्गे होतो, आणि खरी चूक तिथे होते. पुणे, नागपूर, संभाजीनगरहून येणारं विमान टर्मिनल १ किंवा २ ला उतरू शकतं, काठमांडूचं सुटतं टर्मिनल ३ वरून. १ आणि ३ एकमेकांपासून काही किलोमीटर लांब आहेत, मधे चालत जायचा रस्ता नाही. एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास असतील तर तीन तास पुरतात. तिकिटं वेगळी असतील तर बॅग घेऊन बाहेर या, टर्मिनल बदला, पुन्हा बॅग द्या, इमिग्रेशन करा, हे सगळं आलं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही घेणंदेणं नसतं. पाच तास ठेवा. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे आणि तिकिटावरची वेळ स्थानिक असते. जाताना याने काही बिघडत नाही. येताना फोन भारतीय वेळेवर राहिला असेल तर पाऊण तास आहे म्हणून चहा घेणाऱ्याचा खरं तर अर्धाच तास उरलेला असतो.

पुढे मुक्तिनाथला जायचं असेल तर पोखरा आणि तिथून जोमसोम, मुक्तिनाथजवळचं विमानतळ. काठमांडूचं डोमेस्टिक टर्मिनल वेगळ्या इमारतीत आहे, आंतरराष्ट्रीयपासून चालत पाच-सात मिनिटं. ट्रॉली ढकलत जाता येतं, टॅक्सी करू नका. पण त्याच दिवशीची जोड घेऊच नका असा आमचा सल्ला. काठमांडूत एक रात्र काढा. जोमसोमची विमानं सकाळीच उडतात, कारण दुपारच्या आधीच काली गंडकीच्या खोऱ्यात वारा सुटतो. सकाळचं रद्द झालं की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. देशांतर्गत तिकिटाचं भाडं राष्ट्रीयत्वाप्रमाणे बदलतं. स्वस्त दिसतंय म्हणून नेपाळी हा पर्याय निवडला की काउंटरवर ओळखपत्र बघून फरक भरायला लावतात, कधी जागाच देत नाहीत.

एव्हरेस्ट बेस कॅम्पवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. बेस कॅम्पची पायवाट लुक्लाच्या विमानतळापासून सुरू होते. गर्दीच्या हंगामात लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूहून सुटतच नाहीत, रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. काठमांडूहून मंथली रस्त्याने चार-पाच तास, म्हणजे रात्री एक-दोनला जीपमध्ये बसायचं. तिकिटावर कोणतं विमानतळ लिहिलंय ते पैसे भरण्याआधी वाचा. सामान हातातलं धरून साधारण १५ किलो. परतीचं आंतरराष्ट्रीय विमान लुक्लाहून येण्याच्या दिवसाला लागून ठेवू नका, मधे दोन मोकळे दिवस हवेत. लुक्ला दोन दिवस बंद राहणं यात काहीच नवल नाही.

बॅग भरताना आपल्या स्वयंपाकघराकडे जरा संशयाने बघावं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकतं म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. पशुपतिनाथाच्या पूजेसाठी घेतलेला कापूरही ज्वलनशील, तोही काढा. काडेपेटी आणि लायटर भारतातून निघताना दोन्ही बॅगांत बंद. देऊळ विमानतळाला अगदी लागून आहे आणि पूजेचं सगळं साहित्य देवळाबाहेर मिळतं. मिरचीचं लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत नको, चेक-इनमध्ये घाला, तेही झाकणाला टेप लावून आणि दोन पिशव्यांत, नाहीतर उंचीवर दाब बदलला की तेल कपड्यांत. पॉवर बँक मात्र उलट: ती हातातल्याच बॅगेत. १०० वॅट-तासापर्यंत, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत, परवानगी न विचारता चालते. त्यावर आकडा पुसला गेला असेल तर काढून घेतात. ट्रेकच्या गॅसचे डबे कुठेच चालत नाहीत, काठमांडूतल्या ठमेल या पर्यटकांच्या बाजारात विकत घ्या. काठ्या चेक-इनमध्ये.

पैशांचं म्हणाल तर भारतीय १०० च्या नोटांचं एक बंडल न्या. त्याहून मोठ्या नोटा बाजारात कोणी घेईलच असं धरू नका. दर ठरलेला आहे: भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६० रुपये. टॅक्सीवाला, दुकानदार, हॉटेलवाला, कोणीही आकडा सांगितला की लगेच विचारायचं, “आयसी की एनसी?” आयसी म्हणजे इंडियन करन्सी, एनसी म्हणजे नेपाळी. हा प्रश्न आधी विचारला नाही तर एनसी समजून ठरवलेले ८०० उतरताना ८०० आयसी होतात, म्हणजे तब्बल १,२८० एनसी. मार्च २०२४ पासून भारतीय यूपीआय नेपाळच्या फोनपे क्यूआरवर चालतं (हे त्यांचं फोनपे, आपलं फोनपे नव्हे), पण त्यासाठी फोनला इंटरनेट हवं आणि अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेले हवेत. ती कळ घरूनच फिरवा. डेबिट कार्डाचंही तेच, आणि बँकेचा ओटीपी येण्यासाठी भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवा. नेपाळी सिमसाठी ओळखपत्राची झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे फोटो लागतात. चार फोटो पाकिटात टाकून ठेवा.

उतरल्यावरचा क्रम असा: इमिग्रेशन, त्यानंतर हातातल्या सामानाचा एक्स-रे, मग सामानाचा पट्टा, मग बाहेर. बोर्डिंग पासला चिकटवलेली बॅगेची चिठ्ठी फेकू नका, बाहेर पडताना ती बॅगेवरच्या टॅगशी जुळवून बघतात. प्रीपेड टॅक्सीची खिडकी आतच आहे. बाहेर “हॉटेल? ठमेल?” करत बॅगेला हात घालणाऱ्यांकडून बॅग उचलवून घेतली की दहा पावलांचे पैसे मागतात.

परतताना तीन तास आधी पोहोचा, दसैंच्या दिवसांत त्याहून आधी. २४ डिसेंबर १९९९ ला दिल्लीला जाणारं इंडियन एअरलाइन्सचं आयसी ८१४ हे विमान याच विमानतळावरून निघून अपहृत झालं, तेव्हापासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना चढायच्या शिडीपाशी आणखी एक तपासणी असते. आतली सगळी तपासणी झाली तरी बॅग पुन्हा उघडतात, अंग पुन्हा चाचपतात. त्यामुळे हातातली बॅग कोंबून भरू नका, वरच्या वर उघडता येईल अशी ठेवा. खुकरी (नेपाळी वाकडा सुरा) चेक-इनमध्येच. पितळेची जुनाट दिसणारी मूर्ती किंवा थांका (कापडावरचं बौद्ध चित्र) घेतला असेल तर नेपाळच्या पुरातत्त्व विभागाचा दाखला दुकानदाराकडून आधीच मागून घ्या; शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही आणि मूर्ती नवी आहे हे सिद्ध करायची जागा विमानतळ नव्हे. ड्यूटी फ्रीमधून बाटली घेतली आणि पुढे दिल्लीहून पुण्याचं विमान असेल तर दिल्लीत कस्टमनंतर ती चेक-इन बॅगेत टाका, हातात ठेवली तर पुढच्या तपासणीत गेली.

राहता राहिली खिडकी. दिल्लीहून जाताना हिमालय डावीकडे, म्हणजे ए सीट. येताना उजवीकडे, एफ. पावसाळ्यात त्यासाठी जादा पैसे भरू नका, ढगांखेरीज काही दिसत नाही.