एक्सेल फाईल ‘लॉक’ दाखवतेय? आधी हे बघा
रावेर-सावद्याकडे केळीच्या गाड्या भरायच्या ऐन वेळी हिशेबाची एक्सेल फाईल ‘लॉक आहे’ म्हणते आणि मॅक्रो (एक्सेलमधली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) तिथेच अडतो. आधी शेजारच्या टेबलावर कुणी ती उघडून बसलंय का, ते विचारा. बहुतेकदा तेच असतं. नसेल तर टास्क मॅनेजर (संगणकावर काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा. मॅक्रो मध्येच तुटला की कधीकधी एक्सेल पडद्याआड चालूच राहतं, ते बंद करा. वीज गेल्यामुळे अडलं असेल, तर फोल्डरमधल्या लपलेल्या फाईली दाखवा. त्याच नावाची, सुरुवातीला ‘~$’ असलेली इवलीशी फाईल दिसेल. फाईल कुणाकडेच उघडी नाही याची खात्री करून तेवढीच डिलीट करा. मूळ फाईलला मात्र अजिबात हात लावू नका, हंगामाचा हिशेब तिच्यातच आहे!