अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय? फी भरायच्या आधी या चुका टाळा

इकडून बीएस्सी नर्सिंग करून, एनसीएलएक्स (तिकडची नर्सिंग लायसन्सची परीक्षा) काढून तिकडे आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स म्हणून काही वर्षं गेली की बहुतेक जणींच्या डोक्यात एनपीचं, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं येतंच, आणि का येऊ नये, पेशंट तपासायचा, निदान करायचं, औषध लिहायचं, सगळं आपल्या सहीने. पण घाई इथेच होते. ऑनलाइन युनिव्हर्सिटीची जाहिरात दिसते, अ‍ॅडमिशन घेऊन मोकळ्या होतात आणि मग विचारत फिरतात की आता लायसन्स कसं मिळणार. आधी राज्य ठरवा, मग रोल (एनपी की भूल देणारी नर्स), मग कुठल्या वयाचे आणि कसले पेशंट बघायचेत ते, कॉलेज सगळ्यात शेवटी.

राज्य आधी का, तर हे लायसन्स प्रत्येक राज्याचं नर्सिंग बोर्ड देतं आणि नियम जिथले तिथले. अ‍ॅरिझोनात एनपी स्वतःचं क्लिनिक टाकू शकते, टेक्सासमध्ये औषध लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो, कॅलिफोर्नियाने 2020 च्या कायद्याने मोकळीक दिली पण अटी घालून. त्यात ऑनलाइन कोर्स असेल तर त्यांना तुमच्या राज्यात क्लिनिकल (पेशंटवरचं प्रत्यक्ष प्रशिक्षण) करून घ्यायची परवानगी आहे का आणि प्रीसेप्टर, म्हणजे तिथे हाताखाली शिकवणारा अनुभवी माणूस, कोण शोधणार, हे दोन प्रश्न ईमेलवर विचारा, फोनवर नको. बऱ्याच ठिकाणी प्रीसेप्टर विद्यार्थ्यानेच शोधायचा असतो आणि नोकरी सांभाळून दारोदार फिरताना जीव मेटाकुटीला येतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक एफएनपीची, म्हणजे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरची. आयसीयूत मुरलेली नर्स, पुढेही आयसीयूतच राहायचंय, पण कोणीतरी सांगतं की फॅमिली घे, त्यात सगळं येतं. नाही येत हो! त्यात सगळी वयं येतात, पण प्रायमरी केअर, म्हणजे दवाखान्यातले नेहमीचे उपचार. व्हेंटिलेटरवरचा पेशंट मॅनेज करायचा तर अ‍ॅडल्ट-जेरोंटोलॉजी अ‍ॅक्युट केअरचं, म्हणजे प्रौढ आणि वृद्धांच्या गंभीर आजारांचं, शिक्षण आणि त्याचीच परीक्षा लागते, नाहीतर हॉस्पिटलचं क्रेडेन्शियलिंग (तुमची कागदपत्रं आणि पात्रता तपासणं) अडवतं, आणि त्यांनी सोडलं तरी उद्या बोर्ड जाब विचारू शकतं. ही चूक झालीच असेल तर पूर्ण मास्टर्स परत करू नका, पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट करा, अ‍ॅडव्हान्स्ड फार्मा, पॅथोफिजिऑलॉजी आणि हेल्थ असेसमेंट हे आधी केलेले तीन विषय सहसा धरले जातात, ते आधी लेखी विचारून घ्या. भूल द्यायच्या लाइनला, म्हणजे सीआरएनएला जायचं असेल तर आता डॉक्टरेटच करावी लागते आणि त्याआधी किमान 1 वर्ष क्रिटिकल केअरचा अनुभव.

एएनसीसीची किंवा एएएनपीची (एनपींना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था) परीक्षा पास झाली की लगेच नावापुढे एनपी लावून कामाला लागायचं, हेही नको. ते झालं सर्टिफिकेशन. राज्याचं एपीआरएन, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्सचं लायसन्स त्यानंतर येतं, काही राज्यांत औषध लिहायचा अधिकार वेगळा मागावा लागतो, कंट्रोल्ड (व्यसन लागू शकणाऱ्या) औषधांसाठी डीईए या केंद्रीय खात्याचा नंबर लागतो आणि तो ज्या ज्या राज्यात लिहिणार तिथला वेगळा. मूळ आरएन लायसन्स मात्र चालू हवं, ते लॅप्स झालं की वरचा सगळा डोलारा खाली येतो. आणि मल्टिस्टेट कॉम्पॅक्ट लायसन्स (करारातल्या अनेक राज्यांत चालणारं) आहे म्हणून शेजारच्या राज्यातला पेशंट एनपी म्हणून व्हिडिओवर बघाल तर फसाल, ते कॉम्पॅक्ट आरएनचं आहे. पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथलं एपीआरएन लायसन्स लागतं.

आता खास आपल्या लोकांचं दुखणं, नाव. मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडलांचं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने आणि मधलं नाव कुठे आहे कुठे नाही. तिकडच्या माणसाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. परीक्षेच्या रजिस्ट्रेशनवरचं नाव आणि आयडीवरचं नाव जुळलं नाही तर सेंटरवरून परत पाठवतात. म्हणून आधी एकच नाव पक्कं करा, लग्नाचं सर्टिफिकेट आणि अ‍ॅफिडेव्हिट जोडा, कौन्सिलमधलं नाव भारतात असतानाच बदलून घ्या.

भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर कोर्स केलाय त्यांनीही थेट एपीआरएनचा अर्ज भरू नये. कोर्स चांगला आहे, पण तिकडच्या सर्टिफिकेशनला तिकडचा अ‍ॅक्रेडिटेड प्रोग्राम लागतो. जीएनएमवाल्यांना (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांना) आधी आरएन टू बीएसएन किंवा आरएन टू एमएसएन ब्रिज, म्हणजे नर्सिंगच्या डिग्री किंवा मास्टर्सपर्यंत नेणारा कोर्स, बघावा लागेल.

नोकरीची ऑफर आली की पगाराच्या आधी डॉक्टरबरोबरचा करार वाचा. जिथे करार सक्तीचा आहे तिथे तो डॉक्टर नोकरी सोडून गेला की तुमचं प्रिस्क्रिप्शन लिहिणं थांबतं, बाहेर पेशंट बसलेले असले तरी. त्यामुळे पर्यायी डॉक्टर कोण, त्याचं नाव करारात आहे का, आणि देखरेखीचे पैसे तुमच्या पगारातून कापणार की क्लिनिक देणार, हे सही करायच्या आधीच विचारा.