गाठ नाही म्हणून निवांत बसू नका, छातीच्या या कॅन्सरमध्ये या चुका टाळा

आमच्या यावल-रावेरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा अंगावर काही लालसर दिसलं की घामोळ्या आल्या म्हणून मोकळं व्हायचं. माझ्या मोठ्या जाऊबाईंचं पण तेच झालं. डावी छाती गरम लागायची, जड वाटायची, आणि पंधरा दिवसांत दुसऱ्या बाजूपेक्षा मोठी दिसायला लागली. सासूबाईंनी विचारलं, दुखस का? गाठ लागस का? दोन्हीला नाही म्हटल्यावर पावडर आणि हळदीचा लेप सुरू.

इथेच पहिली आणि सगळ्यात मोठी चूक झाली. इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर म्हणून एक प्रकार आहे, स्तनाच्या कॅन्सरच्या १०० केसमध्ये जेमतेम १ ते ५ असतात, आणि यात बऱ्याचदा गाठ लागतच नाही. कॅन्सरच्या पेशी कातडीतल्या लसिका वाहिन्या (अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) तुंबवतात, मग पाणी साचतं, सूज येते आणि कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्डे-खड्डे दिसते. निप्पल आत ओढलं जाऊ शकतं. सावळ्या रंगावर लाली नीट दिसत पण नाही, काळपट-जांभळट दिसतं, म्हणून दोन्ही बाजू उजेडात शेजारी शेजारी बघा. हे सगळं काही आठवड्यांत वाढतं, वर्षानुवर्षं नाही.

दुसरी चूक अँटिबायोटिकच्या कोर्सवर कोर्स घेत बसण्याची. अंगावर पाजणाऱ्या बाईला स्तनात इन्फेक्शन होतं आणि ते दिसतं पण असंच, त्यामुळे डॉक्टरने आधी गोळ्या दिल्या तर त्यात त्याची चूक नाही. पण आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही तर तिसरी स्ट्रिप आणू नका, सरळ बायोप्सीचं, म्हणजे तुकडा काढून तपासण्याचं विचारा. आणि जाऊबाईंसारखं वय पन्नाशीपुढे, अंगावर पाजणं कधीच संपलेलं, तिथे तर लवकरच शंका यायला पाहिजे होती. आम्हाला नाही आली.

मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, नॉर्मल आली म्हणून पेढे वाटू नका, यात ती चुकू शकते. कातडीचा आणि आतला तुकडा काढूनच कळतं. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो हे गावात सगळेच सांगतात, ते खरं नाही, पण त्या भीतीत आमचे वीस दिवस गेले.

मग घरात सुरू झालं की आधी काढून टाका ना, ठेवता कशाला. तसं नसतं हो. यात आधी किमो, मग ऑपरेशन, मग शेक म्हणजे रेडिएशन, असा क्रम असतो, कारण निदान होतं तेव्हाच तो कमीत कमी तिसऱ्या स्टेजला असतो. ईआर, पीआर (कॅन्सर हार्मोनवर वाढतो का) आणि हर-टू (त्या नावाचं प्रोटीन पेशींवर जास्त आहे का) या टेस्ट किमोच्या आधी झाल्यात का ते विचारा, औषध त्यावर ठरतं.

खर्चाला घाबरून थांबू नका, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, आधार आणि रेशनकार्ड बरोबर ठेवा.

आणि मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जाणार असाल तर नुसते रिपोर्ट नको, लॅबमधून बायोप्सीचा ब्लॉक (मेणात ठेवलेला तुकडा) आणि स्लाइड (तपासणीची काच) पण मागून घ्या. आमचा ब्लॉक जळगावच्या लॅबमध्येच राहिला आणि दीर भुसावळच्या गाडीने परत आले ते फक्त तेवढ्यासाठी.