गाणं चालतंय, पण दिवे लागत नाहीत? की-लाइटचा कीबोर्ड सॉफ्टवेअरला जोडताना या चुका टाळा

"ताई, गाणं चालतंय, आवाजही येतोय, पण एक दिवा लागेल तर शपथ!" बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका विद्यार्थिनीच्या बाबांचा फोन आला. मुलीच्या वाढदिवसाला पट्ट्यांखाली दिवे असलेला कीबोर्ड घेतला होता, लॅपटॉपवर सिंथेसिया हे पियानो शिकवणारं सॉफ्टवेअर टाकलं होतं, आणि तीन दिवस खटपट करून शेवटी कीबोर्ड पुन्हा खोक्यात भरायला घेतला होता. संध्याकाळी गेले, तर कीबोर्ड अगदी ठणठणीत. एक आकडा बदलायचा राहिला होता. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांच्या घरी हे इतक्यांदा घडतं, की एकदा नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

चॅनलचा आकडा न पाहणं

सगळ्यात जास्त घरं इथेच अडतात. कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकमेकांशी मिडीमधून बोलतात. ही पद्धत १९८३ पासून चालत आली आहे आणि तिच्यात १६ चॅनल असतात. बहुतेक की-लाइटच्या कीबोर्डांत दिव्यासाठी वेगळा हुकूम नसतो. ठरलेल्या चॅनलवरून 'हा सूर वाजव' असा निरोप आला, की त्या सुराच्या पट्टीखालचा दिवा लागतो. तोच निरोप दुसऱ्या चॅनलवरून आला, तर सूर वाजतो आणि दिवा ढिम्म राहतो.

कॅसिओच्या अनेक एलके मॉडेलांत हे चॅनल मुळात ४ असतं आणि मॅन्युअलमध्ये ते 'नेव्हिगेट चॅनल' या नावाने सापडतं. गाण्याच्या फाइलमध्ये मुख्य चाल मात्र बऱ्याचदा १ वर असते. मग कधी काहीच दिसत नाही, तर कधी ४ वर बसलेल्या भलत्याच वाद्याचे सूर पट्ट्यांवर उजळतात आणि मूल तेच वाजवत बसतं. हे दुसरं जास्त वाईट, कारण दिवे लागताहेत म्हटल्यावर घरात कुणाला शंकाच येत नाही.

सिंथेसियात आधी आउटपुट म्हणून तुमचा कीबोर्ड निवडा, मग त्याच्याच सेटिंगमध्ये की-लाइटचा पर्याय उघडा आणि कीबोर्ड ज्या चॅनलवर कान देतो तेच चॅनल द्या. त्या मुलीच्या घरी एवढंच केलं. पहिला लाल दिवा लागल्याबरोबर ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

इनपुट जोडून आउटपुट विसरणं

तुम्ही वाजवलेलं सॉफ्टवेअरला कळणं ही एक दिशा. सॉफ्टवेअरने कीबोर्डला दिवा लावायला सांगणं ही दुसरी. स्क्रीनवर तुमचे सूर उमटताहेत म्हणून जोडणी पूर्ण झाली असं नाही.

याच कारणाने, नुसत्या मायक्रोफोनवर ऐकून शिकवणारं अ‍ॅप दिवे लावू शकत नाही, कारण कीबोर्डकडे काही पाठवायला त्याच्याजवळ वाटच नसते. मिडीने जोडलेली काही अ‍ॅप्सदेखील फक्त ऐकतात, परत काही पाठवत नाहीत. म्हणून विकत घेण्याआधी 'तुमचं अ‍ॅप मिडी कीबोर्डला चालतं का?' एवढ्यावर थांबू नका. 'माझ्या या मॉडेलचे दिवे तुमचं अ‍ॅप लावतं का?' असं मॉडेलचं नाव घेऊन विचारा. दुकानात 'सगळ्याला चालतं' असं उत्तर मिळालं तर तिथेच जोडून दाखवायला सांगा. त्यात संकोच कसला?

ट्रान्सपोज तसंच राहणं

बडोद्याच्याच वाडी भागातल्या एका घरातला हा प्रसंग. आजोबांचा सूर काळी एक. गणपतीत आरतीला साथ करताना पांढऱ्या पट्ट्यांवर वाजवणं सोपं जावं म्हणून कुणीतरी ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर वर-खाली सरकवणारं सेटिंग, एकने वाढवलं होतं. दुसऱ्या दिवशी नातू सरावाला बसला. तो बरोबर पट्टी दाबत होता आणि सॉफ्टवेअर प्रत्येक सूर चूक म्हणत होतं. ट्रान्सपोज वाढवलं, की बरेच कीबोर्ड वाजवलेला सूरही सरकवूनच बाहेर पाठवतात: तो 'सी' दाबत होता आणि लॅपटॉपला 'सी शार्प' पोचत होता. "मला येतच नाही," म्हणून तो रडकुंडीला आला होता. आपल्या घरांत एकच कीबोर्ड भजनाला, आरतीला आणि मुलांच्या सरावालाही वापरतात, त्यामुळे सरावाआधी ट्रान्सपोज शून्यावर आहे ना, हे मोठ्यांनी स्वतः पाहावं.

केबल आणि बाकीच्या लहान गोष्टी

मोबाइल चार्जिंगच्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतात, म्हणून प्रिंटरला लागते तशी पूर्ण यूएसबी केबल वापरा. अँड्रॉइड फोनला बऱ्याचदा ओटीजी, म्हणजे यूएसबी केबल जोडायचा छोटा अडॅप्टर, लागतो. विंडोजमध्ये दुसरं एखादं संगीताचं सॉफ्टवेअर उघडं राहिलं, तर ते मिडीची वाट अडवून बसू शकतं. ते बंद करून पुन्हा जोडा. ब्लूटूथने कीबोर्डच्या स्पीकरवर गाणी वाजली म्हणजे ब्लूटूथ मिडी जोडलं गेलं, असंही नाही. ते वेगळं असतं.

प्रत्येक सूर दोनदा ऐकू येत असेल, तर एक आवाज कीबोर्डचा आणि दुसरा सॉफ्टवेअरचा आहे. कीबोर्डचं 'लोकल कंट्रोल', म्हणजे पट्टी दाबल्यावर त्याने स्वतः आवाज काढणं, बंद करा किंवा सॉफ्टवेअरचा आवाज. दोन्ही एकदम बंद केलेत, तर सगळंच गप्प होईल.

दिवे नसलेल्या पियानोवर एलईडी स्ट्रिप

घरगुती ८८ पट्ट्यांच्या डिजिटल पियानोंपैकी बहुतेकांत दिवे नसतात, म्हणून काही जण मागे एलईडीची स्ट्रिप चिकटवतात. कल्पना चांगली आहे, पण मोजमाप आधी करा. एका सप्तकाची रुंदी साधारण १६५ मिलिमीटर, म्हणजे १२ सुरांत वाटली तर प्रत्येकी पावणेचौदा. मीटरला १४४ दिवे असलेल्या स्ट्रिपवर दोन दिव्यांना जवळपास १३.९ मिलिमीटर लागतात. फरक किरकोळ वाटतो, पण ८८ व्या पट्टीपर्यंत तो सेंटिमीटरच्या वर जातो आणि दिवा शेजारच्या पट्टीपुढे लागतो. मधे एखाद-दोन पट्ट्यांना दोनऐवजी एकच दिवा देऊन हिशेब जुळवावा लागतो. शिवाय १७६ दिवे पूर्ण पांढऱ्या उजेडात १० अँपिअर मागतात, तर लॅपटॉपचं साधं यूएसबी २.० पोर्ट अर्धा अँपिअर देतं. वेगळा पॉवर सप्लाय घ्याच.

दिव्यांवरच विसंबणं

सूरसागरच्या काठावर आपलं संगीताचं कॉलेज आहे. त्याची सुरुवात १८८६ ची, सयाजीरावांच्या काळातली, आणि तिथे गायक-वादक मौलाबक्षांनी लिहिलेल्या स्वरलिपीतून शिकवलं. त्याच गावात मुलं नुसता उजेड पाहून बोटं हलवताना दिसली की मला मनापासून वाईट वाटतं. मी एक ओळ दिव्यांवर वाजवू देते. मग दिवे बंद करून तीच ओळ आधी तोंडाने सूर म्हणून आणि नंतर वाजवून घेते.

दांडिया बाजारातून दोन दिवसांनी पुन्हा फोन आला. दिवे परत गेले होते. सॉफ्टवेअरमधलं चॅनलचं सेटिंग बदललं गेलं होतं. पण या वेळी फोन बाबांनी नाही, मुलीने केला होता, आणि मी काही सांगायच्या आत तिनेच विचारलं, "ताई, तो आकडा चारच होता ना?" आता तिच्या कीबोर्डच्या कोपऱ्यावर वहीच्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली आहे: चॅनल ४, ट्रान्सपोज ०.